परत तोच दिवा, परत तेच क्लॉक

अरे किती वेळा तेच ते! लिनक्समधला लॅपटॉपच्या कॅमेरा सेन्सरचा ड्रायव्हर उघडला की वरच ठोकून दिलेलं, क्लॉक (सेन्सरला ताल देणारा सिग्नल) २४ मेगाहर्ट्झच पाहिजे नाहीतर चालते व्हा, आणि समोरच्या लॅपटॉपवर मिळतं १९.२. मग प्रोब, म्हणजे ड्रायव्हरने सेन्सर शोधून सुरू करणं, फेल. किंवा लॉगमध्ये एकच ओळ, चिप आयडी वाचता आला नाही, एरर -१२१, बस. आता क्लॉक बंद आहे, रिसेट पिन उलटी आहे की पॉवरच नाही, ओळखा पाहू! एसीपीआयमध्ये, म्हणजे फर्मवेअर हार्डवेअरची माहिती देतं त्या तक्त्यांत, तर बऱ्याचदा क्लॉक नावाची वस्तूच नसते, नुसता फ्रिक्वेन्सीचा आकडा, मग जो तो आपापला जुगाड लिहितो आणि प्रत्येकाचा वेगळ्या जागी चुकतो.

आणि तो दिवा! आयएनटी३४७२, म्हणजे इंटेल लॅपटॉपांत सेन्सरची पॉवर नि क्लॉक सांभाळणारं उपकरण, त्याच्या ड्रायव्हरमध्ये आधी प्रायव्हसी लाइट, म्हणजे कॅमेरा चालू असल्याचा दिवा, क्लॉकलाच बांधलेला, म्हणजे बूट होताना नुसता आयडी वाचायला क्लॉक लावलं तरी हा लुकलुकणार, माणूस दचकणार ना! २०२३ मध्ये कर्नल ६.३ ला ते काम व्ही४एल२ च्या (लिनक्सच्या व्हिडिओ यंत्रणेच्या) कोअरकडे गेलं, स्ट्रीम सुरू झाली की दिवा, सुटलो म्हटलं. परवा रिव्ह्यूला पॅच आला, सेन्सरच्या ड्रायव्हरमध्येच दिव्याचा जीपीआयओ (त्याची पिन) थेट चालू-बंद केलाय. घ्या.