तीन इंच, सात वर्षं आणि खाली एक लिंक

औशाहून बहिणीचा फोन आला. भाची लातूरला नीटच्या क्लासला आहे, हॉस्टेलवर राहते. "दादा, तुझ्याकडं एवढे चाकू हायेत, त्यातला एखादा बारका पण धारेचा दे की लेकीला. पर्समध्ये ठेवील." कशाला म्हणून विचारलं, तर नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आलाय म्हणे. तो मेसेज मीही पाहिला होता आणि नेहमीसारखा सोडून दिला होता. सोडून चालणार नव्हतं, कारण तोच मेसेज वाचून अंबाजोगाईच्या मामांनी, मास्तरकीच्या दिवसांपासून सदऱ्याच्या खिशात असलेला आपला चाकू कपाटात कुलूपबंद केलाय. म्हणजे एकाच मेसेजने सत्तरी उलटलेल्या माणसाकडचा चाकू काढून घेतला आणि तोच मेसेज सतरा वर्षांच्या पोरीच्या हातात चाकू द्यायला निघालाय.

मेसेज थोडक्यात असा: नवीन भारतीय न्याय संहितेप्रमाणे खिशात तीन इंचांपेक्षा मोठा चाकू सापडला तर सात वर्षं विनाजामीन कैद. घडीचे चाकू फक्त गुंड बाळगतात. लोखंडी पातं अंगाजवळ ठेवलं की शनी मागे लागतो. मुलींना मात्र स्वसंरक्षणाचा हक्क असल्याने २.९ इंचांचा चाकू कायदेशीर आहे. असा चाकू, अस्सल दमास्कस पोलादाचा, कधीच धार न जाणारा, हस्तिदंती मुठीचा, खालच्या लिंकवर मिळेल. सणासुदीला पोलीस चाकूवाल्यांना उचलतात, म्हणून लवकर मागवा.

शेवटपर्यंत वाचलं तर कळतं की ही जाहिरात आहे. आधी घाबरवायचं आणि मग त्या भीतीवरचं औषध विकायचं. पण शेवटपर्यंत वाचतो कोण? मामा पहिल्याच ओळीला थांबले, बहीण चौथ्या.

कायद्यापासून सुरू करतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि तिच्यात खिशातल्या चाकूचं इंचांतलं माप कुठेही नाही. शस्त्रांचा कायदा वेगळा आहे, १९५९ चा. त्याच्या दुसऱ्या कलमात शस्त्राची व्याख्या दिलीय: हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली वा तशी करून घेतलेली वस्तू. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी केलेल्या वस्तू त्यातून वगळल्यात. माप येतं ते शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत, पाचव्या वर्गात. तिथे तलवारी, खंजीर, भाले यांच्या पंगतीत चाकू आहेत, पण कोणते? पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असलेले, आणि तेही घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी केलेले नसतील तर. शिवाय त्यांना परवाना लागतो तो केंद्र सरकारने त्या भागाला कलम ४ लागू केलेलं असेल तिथे. ते मोडलं तर शिक्षा एक ते तीन वर्षं. सात कुठून आली, ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

नऊ इंच म्हणजे जवळपास तेवीस सेंटिमीटर. फ्रान्समधल्या सावोआ प्रांतातला ओपिनेल हा माझा आवडता साधा घडीचा चाकू. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये तो करायला घेतला, लाकडी मूठ आणि एक पातं. त्यातला सगळ्यात चालणारा आठ नंबर घ्या, पातं साडेआठ सेंटिमीटर. मेसेजच्या हिशेबाने सात वर्षं जेल, कारण तो तीन इंचांच्या जरासा वर जातो. त्यांचाच तेरा नंबर हा मुद्दाम केलेला राक्षसी चाकू आहे, कुणाच्याच खिशात मावत नाही. त्याचंही पातं बावीस सेंटिमीटर, म्हणजे नऊ इंचांच्या आतच.

मग हे तीन इंच आले कुठून? ब्रिटनमधून. तिथल्या १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या कलम १३९ मध्ये सार्वजनिक जागी धारदार वस्तू बाळगायला बंदी आहे आणि तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा खिशातला चाकू तिच्यातून वगळलाय. कुणीतरी इंग्रजी माहिती उचलली, तिला न्याय संहितेचा शिक्का मारला आणि लातूर-बीडच्या ग्रुपांवर सोडून दिली. लंडनचा नियम औशाला लावणाऱ्याला धारेचा कायदा सोडा, नकाशाही माहीत नसावा.

जालन्याकडे मोसंबीची कलमं करणारे लोक खुंटावर डोळा (अंकुर) भरतात तो घडीच्या चाकूनेच. सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची आणि डोळा आत सरकवायचा. ते सगळे विनाजामीन आत जाणार का?

गुंडांचा मुद्दा सिनेमातला आहे. पडद्यावर खलनायक खटका दाबून उघडतो तो रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा, लांब पात्याचा, दणकट खटक्याचा. मी ज्यांच्याबद्दल बोलतोय त्या चाकूंची जात वेगळी. बोरूने लिहायचे तेव्हा बोरू तासायला कारकुनाच्या कलमदानात जे बारीक पातं असायचं, त्याचे हे भाऊबंद. मामांचा चाकू त्यांच्या वडिलांचा आहे, इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा. पात्याच्या बुडाशी तारा आणि क्रॉस अशी खूण आहे, आता पुसट झालेली. त्याने त्यांनी पोरांच्या पेन्सिलींना टोकं केली, पाकिटं फोडली, मोसंबी सोलली. दर वेळी पातं पुसून मगच मिटायचे, कारण जुन्या कार्बन पोलादाला आंबट रस लागून राहिला की डाग पडतो. त्या पात्यावर आता निळसर करडी झाक आलीय. ती बघायला म्हणूनच मी सुट्टीत अंबाजोगाईला जायचो, असं म्हटलं तर मामींना राग येईल.

शनीचं म्हणाल तर बाळंतिणीच्या उशाखाली चाकू किंवा विळा ठेवणारे आपणच, नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार देणारे आपणच, आणि खंडेनवमीला कोयत्या-खुरप्याला हळदकुंकू वाहणारेही आपणच. पुढे जाऊ.

आता चौथी ओळ. हिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. ‘मुलींना स्वसंरक्षणासाठी चाकू कायदेशीर’ हे वाक्य तीन ठिकाणी खोटं आहे आणि तिसऱ्या ठिकाणी जिवावर बेतणारं आहे.

पहिलं, स्वसंरक्षणाचा हक्क न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे आणि तो सगळ्यांना आहे. पण तो हल्ला झाल्यावर केलेल्या प्रतिकाराचा हक्क आहे, तोही गरजेपुरत्याच. घरातून निघताना पर्समध्ये काय घालावं याचा परवाना त्यात नाही. दुसरं, शस्त्राची व्याख्या वर दिलीय, तिच्यात ‘बचावासाठी’ हा शब्द आहे. सफरचंद कापायला ठेवलेला चाकू ही घरातली वस्तू. तोच ‘सेल्फ डिफेन्स’ म्हणून विकत घेतला आणि विचारल्यावर तसंच सांगितलं, की आपणच तो व्याख्येच्या दारात नेऊन ठेवतो. विक्रेत्याचं काय जातंय, जबाब पोरीला द्यायचाय.

तिसरं म्हणजे वस्तूच मुळात त्या कामाची नाही. सभ्य माणसाच्या खिशातला असा चाकू घेऊन बघा. बहुतेकांत पातं पक्कं अडकतच नाही. मुठीच्या पाठीत पोलादाची कमान असते, तिच्या दाबावर ते उघडं राहतं किंवा मिटलेलं राहतं. कापताना जोर धारेच्या बाजूने येतो, म्हणून चालून जातं. टोकाने खुपसायला गेलात आणि पातं कुठे अडलं, की कमान सुटते आणि पातं मिटतं. मिटतं कुठे? आपल्याच बोटांवर. मुठीला आडवी पट्टी नसते, त्यामुळे घामाने किंवा रक्ताने ओला झालेला हात सरळ धारेवर घसरतो. आणि हे सगळं चाकू उघडल्यानंतरचं. उघडायला दोन हात लागतात, पात्यावरच्या बारीक खाचेत नख घालून ओढावं लागतं. चांगल्या चाकूची कमान तर मुद्दाम कडक ठेवतात. मिटताना तो ‘खट्’ आवाज यावा म्हणून आम्ही जमवणारे वेडे जास्तीचे पैसे मोजतो. अंधाऱ्या गल्लीत कुणीतरी हात धरलेल्या मुलीला ते नख घालायची फुरसत मिळेल का? धरपकडीत चाकू निघाला तर तो शेवटी जास्त ताकदवान हातात जातो, आणि तो हात तिचा असेलच असं नाही.

बहिणीला मी फोनवर इतकंच म्हणालो, चाकू देणार नाही, रागावलीस तरी चालेल. भाचीच्या फोनमध्ये ११२ टाकून दिला, क्लासवरून येताना दोघीतिघी मिळून या म्हटलं, आणि हॉस्टेलच्या बाईंना रस्त्यावरच्या बंद दिव्याबद्दल नगरसेवकाकडे अर्ज करायला सांगितलं. भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. तिच्यावर धंदा करणाऱ्याचा राग येतो.

अस्सल दमास्कस? आज त्या नावाने जे नक्षीदार पातं विकतात ते दोन प्रकारच्या पोलादाचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेलं असतं. मग आम्लात बुडवलं की एक थर काळवंडतो, दुसरा चमकतो. चांगल्या लोहाराचं काम असेल तर देखणं असतं, माझ्याकडेही आहे. पण ज्या पोलादामुळे दमास्कसचं नाव झालं ते वुट्झ आपल्याच दख्खनचं. नांदेडला लागून असलेल्या निझामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक नावाजलेलं गाव. मातीच्या बंद मुशीत लोखंड वितळवून हळूहळू थंड करायचे, आणि इराणचे व्यापारी तिथवर येऊन ते विकत न्यायचे. १९४८ पर्यंत ते गाव आणि आपला मराठवाडा एकाच निजामी राज्यात होते. ती विद्या गेली. लिंकवर मिळत नाही. आणि धार न जाणारं पातं जगात कुठेच झालेलं नाही, नाहीतर शाणवाले कधीच उपाशी मेले असते.

हस्तिदंती मुठीवर तर दोनच शक्यता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आलेल्याचाही. म्हणजे दावा खरा असेल तर गुन्हा, खोटा असेल तर प्लास्टिक.

राहिली शेवटची ओळ, सणासुदीला पोलीस उचलतात ही. नाइलाजाने मान्य करतो, हिच्यात तथ्य आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७(१) जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस आयुक्तांना ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढू देतं. त्या काळात चाकूच काय, लाठी-काठी किंवा इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन फिरायला बंदी असते. तिथे इंच मोजत बसत नाहीत. कलम १३५ प्रमाणे शिक्षा एक वर्षापर्यंत, आणि न्यायालयाने कारण नोंदवल्याशिवाय चार महिन्यांहून कमी नाही. आपल्या जिल्ह्यांत गणपती, निवडणुका, मोर्चे आले की असे आदेश निघतात, पेपरात आतल्या पानावर चौकटीत छापून येतात. म्हणून मामांना सांगितलंय, कुलूप काढा, चाकू वापरा, पण पेपरात ३७(१) दिसला की तेवढे दिवस तो घरी ठेवा. कोर्टात जाताना आणि विमानात हातातल्या बॅगेत तर कधीच नको. विमानाला सामानात टाकलेल्या मोठ्या बॅगेत चालतो. मामा म्हणाले, विमानात मी कधी बसणार, मोसंबीचं तेवढं सांग.