‘मिस’ला उलटा शब्द एकच? छे!

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर विरुद्धार्थी क्रियापदांचा एक तक्ता सारखा फिरत असतो. त्यात ‘मिस × कॅच’ अशी ओळ आणि खाली सल्ला: प्रत्येक क्रियापदाची एक जोडी पाठ करा, काम झालं. तसं होत नाही.

बस, ट्रेन, विमान यांना ही जोडी चोख बसते. ‘आय मिस्ड द बस’, ‘आय कॉट द बस’. नेमबाजीत मात्र ती फसते. नेम लागला तर ‘हिट द टार्गेट’. पायचीतच्या रिव्ह्यूत पडद्यावर ‘हिटिंग’ किंवा ‘मिसिंग’ दिसतं, तीच ही जोडी. पण ‘हिट’ उचलून वाहनाला लावलंत, तर ‘आय हिट द बस’ म्हणजे तुम्ही बसला धडक दिलीत!

तक्त्याचा दुसरा दावा: ‘अन’ किंवा ‘डिस’ जोडलं की उलटा शब्द तयार. मग ‘डिसमिस’चं काय करायचं? त्याचा अर्थ घालवून देणं, कामावरून काढणं. त्यातला ‘मिस’ लॅटिनमधल्या ‘पाठवणे’ या धातूतून आलाय. आपलं ‘मिस’ जुन्या इंग्रजीतलं. नुसतं आडनाव सारखं, भाऊबंदकी नाही.

तिसरा दावा सर्वांत घातक: ‘मिस म्हणजे चुकणे, एवढं लक्षात ठेवा.’ मराठीच किती शब्द वापरते बघा. बस चुकते, नेम हुकतो, तास बुडतो, औषधाची गोळी घ्यायची राहते, मुद्रितातली चूक नजरेतून निसटते, माणसाची आठवण येते. हाच भेद कामाला लावायचा. आधी क्रियापदाचं कर्म बघा. मग मराठीत विचारा, तसं झालं नाही तर काय झालं? बस मिळाली: कॅच. तासाला बसलो: अटेंड. मुदत पाळली: मीट. गोळी घेतली: टेक. चूक दिसली: स्पॉट, इथे कॅचही चालतं. उत्तर मात्र पूर्ण वाक्यात द्या, कारण सुटं मराठी क्रियापदही दगा देतं. नेम ‘लागला’ म्हणजे हिट. बस ‘लागली’ म्हणजे एकतर ती फलाटाला उभी आहे, नाहीतर तुम्हाला मळमळतंय.

राहिलं ‘आय मिस यू’. इथे बरेच जण ‘फरगेट’ लिहून मोकळे होतात. पण ‘फरगेट’ची जोडी ‘रिमेंबर’शी. शाळेतला खडूस मास्तर पक्का आठवतो, पण त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही. म्हणजे ‘रिमेंबर’ आहे, ‘मिस’ नाही, आणि ‘फरगेट’ही नाही. या अर्थाला इंग्रजीत एका शब्दाचा विरुद्धार्थी नाहीच. ‘आय डोन्ट मिस हिम’ लिहायचं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं.