पहिल्या पानाची गॅरंटी

"तीन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर, गॅरंटीसकट!" वेबसाइट सुरू केली रे केली की एसईओ एजन्सींचे, म्हणजे गूगलच्या शोधात साइट वर आणून देतो म्हणणाऱ्यांचे, हे फोन चालू होतात. माझं मत विचाराल तर गॅरंटी हा शब्द आला की फोन ठेवून द्यावा. पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलनेच लिहून ठेवलंय.

मालवणकडच्या एका ओळखीच्या काकूंच्या होमस्टेची, अशाच एका एजन्सीकडे दिलेली साइट परवा बघायला घेतली. पानाच्या तळाशी नुसती पांढरी जागा. माउस दाबून खाली ओढला तर पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, माणसाला न दिसता फक्त गूगलसाठी, जप चाललेला: "मालवण होमस्टे, स्वस्त होमस्टे मालवण, बेस्ट होमस्टे मालवण बीच". शिवाय तारकर्ली, देवबाग, आचरा, वेंगुर्ला, प्रत्येक गावाचं वेगळं पान. मजकूर तोच, गावाचं नाव तेवढं बदललेलं. देवबागच्या पानावर एके ठिकाणी 'तारकर्ली' तसंच राहिलंय! आणि पाहुणे ज्यासाठी फोन करतात ते मात्र कुठेच नाही. कुडाळ स्टेशनवरून यायचं कसं, गाडी दारापर्यंत येते का, शाकाहारी माणसाची सोय काय, पावसाळ्यात स्कूबा बंद असताना खोलीचा दर किती. काकू हे सगळं रोज फोनवर सांगतात. तेच साइटवर टाकलं असतं तर त्याहून चांगला एसईओ नव्हता.

बरं, या युक्त्या जुन्यापुराण्या आहेत. असल्याच दिखाऊ पानांपायी २००६ साली गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मन साइट यादीतून काढून टाकली होती. २०११ मध्ये अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीसाठी गूगलमध्ये वर येण्यासाठी भलत्याच साइटींवर पेरलेल्या लिंका न्यूयॉर्क टाइम्सने उघड केल्या. कंपनी म्हणाली, आम्हाला माहीत नव्हतं, आणि एसईओवाल्यांना काढून टाकलं. पण गूगलवर खाली घसरलं ते दुकानच. माझा राग इथेच आहे. उद्योग एजन्सीचे, भोग मालकाचे. त्या मोठ्या कंपन्या सावरल्या, पण काकूंचा सीझन जेमतेम आठ महिन्यांचा.

कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेली शोधशब्दांची यादी, गूगल क्रमवारीसाठी बघत नाही, हे २००९ मध्येच जाहीर झालंय. तरी काकूंच्या बिलात त्याची वेगळी ओळ आहे! हल्ली तर एआयकडून शेकडो लेख पाडून देण्याचं पॅकेजही निघालंय. नुसत्या रँकिंगसाठी असा घाऊक मजकूर ओतणं गूगलने मार्च २०२४ पासून स्पॅममध्येच धरलंय.

पैसे देण्याआधी एवढंच विचारा: लिंका कुठून आणणार, ती पानं दाखवा. चांगलं काम करणारे लोकही आहेत, ते दाखवतात. आणि आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, ते स्वतःच्या ईमेलवर घ्या. गूगलच्या माणसांनी साइटवर कारवाई केली असेल तर तिथे 'मॅन्युअल ॲक्शन्स'मध्ये दिसते. काकूंच्या साइटवर झालीय का, ते अजून कळलेलं नाही. खातं एजन्सीच्या नावावर आहे, आणि ॲक्सेस मागितला की "सर मीटिंगमध्ये आहेत."