आज कोण येणार आहे?

आज सकाळी एका चर्चेची चित्रफीत पाहिली आणि ती दिवसभर डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो आहे. विकसनशील देशांवर पर्यावरणाचे कडक निकष लादणे हा श्रीमंत देशांचा कावा आहे, त्यांनी दीडशे वर्षे मनसोक्त धूर सोडला आणि आता आमची पाळी आली तर नियम दाखवतात, आधी पोट आणि मग पर्यावरण, असे एक गृहस्थ ठासून सांगत होते आणि सभागृह टाळ्या वाजवत होते. माझ्या यादीतल्या तिघाचौघांनी ती कौतुकाने पुढे पाठवली आहे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

नोकरीची पहिली तीन वर्षे मी कापड रंगवणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. सांडपाण्यावर प्रक्रिया करणारे केंद्र, म्हणजे आमच्या बोलीत ईटीपी, माझ्या खिडकीसमोरच होते. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर वीज खातो म्हणून बहुतेक दिवस बंद असे. हवा तुटली की पाणी स्वच्छ करणारे जिवाणू मरू लागतात, तपकिरी गाळ काळा पडतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. मग अधूनमधून वरून निरोप येई की ब्लोअर सुरू करा, आणि ईटीपीवरचे एक वयस्कर ऑपरेटर मला दर वेळी एकच प्रश्न विचारत, "साहेब, आज कोण येणार आहे?"

कधी सरकारी निरीक्षक येत, कधी परदेशी खरेदीदाराचा ऑडिटर. त्यांच्यासाठी लॉगबुकात महिनाभराच्या नोंदी मी एका दुपारी, दोन वेगळ्या शाईची पेने आलटूनपालटून वापरून भरल्या आहेत. हे लिहिताना लाज वाटते आणि ती वाटायलाच हवी.

त्या गृहस्थांचे अर्धे म्हणणे खरे आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. हवामानबदलाची जबाबदारी सामायिक असली तरी सर्वांची सारखी नाही, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या हवामान करारातच लिहिलेले आहे. गरीब देशांना हवामानबदलाशी झुंजता यावे म्हणून २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत दिले, ते त्यांच्याच हिशेबाने २०२२ साली पुरे झाले आणि त्यातलाही मोठा भाग कर्जाच्या रूपात होता. म्हणजे घर आम्ही जाळले हे कबूल, पण विझवायचे पाणी उसने घ्या. आमच्या कारखान्याला येणाऱ्या पत्रांचीही हीच तऱ्हा होती. पहिल्या परिच्छेदात पर्यावरणाचे प्रमाणपत्र मागितलेले असे आणि दुसऱ्यात दर आणखी खाली आणायला सांगितलेले असे. ब्लोअर चालवायचा खर्च कोणी उचलायचा, हे कोणत्याही पत्रात नसे.

पण म्हणून काय? कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके वातावरणात राहतो आणि जगभर पसरतो, म्हणून तिथे इतिहासाचा हिशेब मागणे रास्तच आहे. आमच्या टाकीतले काळे पाणी मात्र कोणत्याही श्रीमंत देशात गेले नाही. ते कुंपणामागच्या ओढ्यात गेले आणि तिथून खालच्या वस्तीच्या विहिरींत झिरपले. हा कोणत्या ऐतिहासिक अन्यायाचा सूड होता, ते त्या टाळ्या वाजवणाऱ्यांनी मला समजावून सांगावे. शिसेयुक्त पेट्रोल श्रीमंत देशांनी कधीच सोडले होते, तरी ते जगातून हद्दपार व्हायला २०२१ साल उजाडले आणि शेवटचा देश होता अल्जीरिया. तोवर ते शिसे गरीब देशांतल्याच मुलांच्या रक्तात साचत होते. "आमची पाळी" म्हणतात ती हीच असेल, तर ती मला नको आहे.

आता पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम, खते अशा आयात मालावर युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून, तो माल बनवताना सुटलेल्या कार्बनबद्दलचे शुल्क लागू केले आहे. ते अन्यायकारक आहे असे मलाही वाटते, कारण भुर्दंड बसणार गरीब देशांतल्या कारखान्यांना आणि पैसा जाणार युरोपच्याच तिजोरीत. तरीही त्या धास्तीने देशोदेशी उत्सर्जन मोजायची जी एकच धांदल उडाली आहे, ती पाहताना मला आमच्या ऑपरेटरांचाच प्रश्न ऐकू येतो. कोणी येणार असले की आपली यंत्रे सुरू होतात. ओढ्याकाठी जन्मभर राहणारा माणूस मात्र कधीच "येणारा" नसतो.

चिडून लिहायला बसलो होतो, पण ते ऑपरेटर आठवले आणि राग ओसरला. ते त्याच खालच्या वस्तीत राहत. एकदा पाळी संपल्यावर त्यांनी घरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि जरा तपासून द्याल का, असे विचारले. तपासायची गरजच नव्हती, उजेडात धरल्यावर पाण्यात तांबूस झाक दिसत होती. तरी तपासले आणि हे पिऊ नका म्हणून सांगितले. ते आम्हाला चार वर्षांपासून ठाऊक आहे, ते म्हणाले, मला फक्त कागदावर शिक्क्यानिशी हवे आहे.

शिक्का माझ्याच खणात होता. मी तो दिला नाही.