आठवणार नाही म्हणून न्यायचंच नाही?

एका लेखात म्हटलंय की चार वर्षांखालच्या मुलाला परदेशात नेणं म्हणजे पैसे पाण्यात, त्याला काही आठवत नाही. अहो, मग बारसंही करू नये!

आम्ही मुलुंडहून अडीच वर्षांची लेक आणि सासूबाईंना घेऊन सिंगापूरला गेलो होतो. घड्याळ फक्त अडीच तास पुढे, म्हणून झोपेचं फार बिघडत नाही. (तरी पहिल्या रात्री बाईसाहेब एकपर्यंत टक्क जाग्या. म्हणजे आपले साडेदहाच.) मेट्रोत आणि बसमध्ये मोठ्यांबरोबरच्या 90 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट नाही. पण खरी चैन लिफ्टची. बाबागाडी रस्त्यावरून थेट फलाटापर्यंत! दादरच्या पुलावर तीच गाडी उचलून चढलेय, म्हणून जरा जास्तच जाणवलं.

बोटॅनिक गार्डन्स आवर्जून करा. 2015 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, आणि प्रवेश फुकट. तिथल्या जेकब बलास बालोद्यानात मूल सोबत नसेल तर मोठ्यांना सोडतच नाहीत. थोडक्यात, लेकीच्या वशिल्याने आम्ही आत. पण सकाळीच जा, दुपारचा दमटपणा आपल्या मे महिन्यासारखा.

जेवणाची काळजी नको, लिटल इंडियात डोसा मिळतो. सासूबाईंनी मेतकूट नेलंच होतं, ते वेगळं.

एक मात्र चुकलं. संध्याकाळच्या एका शोची महागडी तिकिटं आधीच काढली, आणि लेक दारातच झोपली. आम्ही आळीपाळीने मांडी दिली.