पहिल्या ख्रिस्ती लोकांकडे ‘फक्त बायबल’ होतं का?

ख्रिस्ती मंडळींमध्ये एक संदेश हातोहात फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो: ख्रिस्ती धर्मात अधिकार फक्त लिखित बायबलचा, मौखिक परंपरा म्हणजे माणसांनी मागाहून घातलेली भर. त्यासाठी पाच मुद्दे मांडले जातात. बायबल स्वतःच सांगतं की ते पुरेसं आहे. येशूने परंपरेचा धिक्कार केला. पहिली तीन शतकं विश्वासणारे फक्त बायबलवर चालत होते, परंपरा शिरली ती रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनपासून. रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, 1546 साली बायबलात सात पुस्तकं घुसडली. आणि सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक ल्यूथर याने परंपरा टाकून दिली तेव्हा बायबलचा अर्थ सगळ्यांना स्वच्छ दिसू लागला.

‘शास्त्र हाच अंतिम निकष’ या भूमिकेमागे पाचशे वर्षांची गंभीर विद्वत्ता आहे, तिच्याशी मतभेद असला तरी तिची टिंगल करता येत नाही. हा संदेश मात्र त्या भूमिकेचा वकील म्हणून उभा राहतो आणि पहिल्याच उलटतपासणीत गडबडतो.

पहिला मुद्दा: बायबल स्वतःच ‘फक्त बायबल’ म्हणतं. आधार म्हणून प्रेषित पौलाच्या नावाने शिष्य तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं 3:16 (अध्याय 3, वचन 16) दिलं जातं. प्रत्येक शास्त्रलेख देवप्रेरित आहे आणि शिकवण, दोष दाखवणं, सुधारणा व नीतिशिक्षण यांसाठी उपयोगी आहे, असं ते वचन. पुढच्याच वचनात, त्यामुळे देवाचा भक्त प्रत्येक चांगल्या कामासाठी सज्ज होतो, असंही म्हटलं आहे. शास्त्राचं मोठेपण यातून ठामपणे उभं राहतं, यात वाद नाही. पण जरा वर जाऊन 14 आणि 15 ही वचनं वाचावीत. पत्र तीमथ्याला सांगतं की तू जे शिकलास त्याला धरून राहा, कारण ते तू कोणाकडून शिकलास हे तुला ठाऊक आहे; आणि हे पवित्र लेख तर तू बालपणापासून जाणतोस. तीमथ्याच्या बालपणी येशूचं जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकही लिहिलं गेलेलं नव्हतं. म्हणजे इथले ‘शास्त्रलेख’ हे यहुदी शास्त्र, ज्याला पुढे जुना करार म्हणू लागले. ‘एवढंच पुरे, दुसरं काही नको’ असा या वचनाचा अर्थ लावला तर बायबलचा येशूनंतर लिहिलेला भाग, म्हणजे नवा करारही, बाद होतो!

याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आणखी एक सूचना आहे: पुष्कळ साक्षीदारांसमोर माझ्याकडून जे ऐकलंस ते विश्वासू माणसांच्या हाती सोपव, म्हणजे ते इतरांना शिकवतील. पौल, तीमथ्य, ती विश्वासू माणसं आणि त्यांचे शिष्य, अशी चार कड्यांची साखळी इथे दिसते, आणि ती सगळी तोंडी. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (2:15) तर तोंडी किंवा पत्राने शिकवलेलं, दोन्ही बळकट धरून राहा असं सरळच सांगितलं आहे. ‘घेण्यापेक्षा देणं अधिक धन्यतेचं’ हे येशूचं वचन अनेकांना पाठ असतं. ते चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. प्रेषितांच्या कृत्यांत (20:35) पौल ते उद्धृत करतो, म्हणजे ते तोंडी परंपरेतूनच त्याच्यापर्यंत आलं असणार. मोशेला विरोध करणारे यान्नेस आणि यांब्रेस तीमथ्याच्या याच पत्रात नावानिशी येतात. जुन्या करारात ही नावं शोधून सापडणार नाहीत.

दुसरा मुद्दा, येशूने परंपरेचा धिक्कार केला. आधार मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय. इथे येशू परुशी या यहुदी पंथाच्या लोकांवर वाडवडिलांच्या संप्रदायावरून कडक शब्दांत टीका करतो. पण कशावरून? एखादा माणूस आपली मालमत्ता ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर करायचा आणि मग आईबापांना मदत करण्यातून सुटायचा. मानवी रीत देवाची आज्ञा मोडायला वापरली जाते, हा आक्षेप आहे. परंपरेला लावायची ही कसोटी झाली, सरसकट बंदी नव्हे. मत्तय 23 मध्ये तोच येशू म्हणतो की शास्त्री व परुशी मोशेच्या आसनावर बसले आहेत, ते सांगतात ते करा, ते करतात ते करू नका. पौलही कलस्सैकरांना माणसांच्या संप्रदायापासून सावध करतो, आणि करिंथकरांना मात्र ‘मला जे मिळालं तेच मी तुम्हाला सोपवलं’ असं प्रभुभोजनाबद्दल आणि पुनरुत्थानाबद्दल सांगतो. अर्थात ही कसोटी प्रत्येक मंडळीच्या परंपरेला लागते, हेही तितकंच खरं.

आता तिसरा मुद्दा, पहिल्या तीन शतकांचा. माझ्या मते संदेशातली सर्वांत मोठी चूक इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

येशूने स्वतः काही लिहून ठेवलं नाही. पौलाची उपलब्ध पत्रं साधारण इ.स. 50 च्या आसपास सुरू होतात, मार्कचं शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक 70 च्या सुमाराचं मानतात. म्हणजे बाप्तिस्मा, प्रभुभोजन, प्रार्थना, शिकवण, सगळं चालू असताना शुभवर्तमानं कागदावर यायची होती. दुसऱ्या शतकात हिरापोलिसचा बिशप पापियस लिहितो की पुस्तकांपेक्षा जिवंत आणि टिकून राहणारा आवाज आपल्याला अधिक उपयोगी वाटतो. इ.स. 180 च्या सुमारास ल्योंचा बिशप इरेनेयस अशा रानटी जमातींचा दाखला देतो, ज्यांनी कागद आणि शाई नसतानाही विश्वास जपला. हे दोघेही कॉन्स्टंटाइनच्या कितीतरी आधीचे. सम्राटाने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली ती 313 साली.

आणि ‘फक्त बायबल’ म्हणताना कोणतं बायबल? नव्या कराराच्या आजच्या 27 पुस्तकांची नेमकी यादी आपल्याला प्रथम सापडते ती अलेक्झांड्रियाच्या अथानासियसच्या 367 सालच्या पत्रात. त्याच शतकातल्या सिनाई हस्तलिखित या बायबलच्या प्रतीत ‘बर्णबाचं पत्र’ आणि ‘हर्मासचा मेंढपाळ’ हे आज बायबलात नसलेले ग्रंथ नव्या कराराबरोबरच बांधलेले आहेत. मंडळीचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने याकोब, यहूदा, पेत्राचं दुसरं पत्र, योहानाचं दुसरं व तिसरं पत्र यांना वादग्रस्त म्हणून नोंदवलं. पेशित्ता या सिरियाक भाषेतल्या बायबलच्या नव्या करारात मुळात 22च पुस्तकं होती, प्रकटीकरण त्यात नव्हतं. बायबलातल्या कोणत्याही पुस्तकात बायबलची अनुक्रमणिका दिलेली नाही. ती ठरली मंडळ्यांच्या वापरातून: उपासनेत काय वाचलं जातं, प्रेषितांपर्यंत कशाचं नातं पोचतं, मिळालेल्या श्रद्धेशी काय जुळतं. (जाता जाता: ही यादी नायसियाच्या परिषदेत, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेत, मतदानाने ठरली, असं सांगणारा दुसरा एक संदेशही जोरात फिरतो. तोही चूक. 325 सालच्या त्या परिषदेच्या 20 नियमांत पुस्तकांच्या यादीचा विषयच नाही.) मंडळीने पुस्तकांना अधिकार दिला नाही, असलेला अधिकार ओळखला, असं प्रोटेस्टंट पंडित उत्तर देतात, आणि ते उत्तर वजनदार आहे. पण ओळखायचं कशाच्या आधारे, हा प्रश्न त्यानंतरही उभाच राहतो.

तरीही परंपरेच्या बाजूच्यांनी एवढ्यावरून टाळ्या वाजवू नयेत. मौखिक परंपरा वाकडी कशी होते याचे दाखलेही याच शतकांत भरपूर आहेत. जिवंत आवाजाला मान देणाऱ्या पापियसनेच एक वचन जपलं: येणाऱ्या राज्यात प्रत्येक द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या फुटतील, आणि असं पटीमागे पट चढत जाऊन एकेका द्राक्षातून भांडीच्या भांडी भरतील एवढा रस निघेल. येशूचा शिष्य योहान याला पाहिलेल्या वडीलधाऱ्यांनी हे त्याच्या तोंडून ऐकलं आणि त्याने ते प्रभूचं म्हणून सांगितलं, असं इरेनेयस गंभीरपणे नोंदवतो. येशू पन्नाशीच्या जवळपास पोचला होता असंही इरेनेयस आशियातल्या वडीलधाऱ्यांच्या साक्षीवरून मानत होता. पुढच्या मंडळीने हे स्वीकारलं नाही. 155 च्या सुमारास स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प रोमला आला, तेव्हा पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) कधी पाळायचा यावर त्याचं आणि रोमचा बिशप अनिसेटस याचं एकमत झालं नाही. एक योहानाचं नाव घेत होता, दुसरा आपल्या आधीच्या वडीलधाऱ्यांच्या प्रथेचं. दोघंही परंपरेचेच. त्यांनी भांडण न वाढवता एकत्र उपासना केली आणि निरोप घेतला, हे त्यांचं मोठेपण.

याहून जुना दाखला खुद्द योहानाच्या शुभवर्तमानातच आहे. त्याचा शेवटचा अध्याय सांगतो की प्रिय शिष्य मरणार नाही अशी वदंता भावांमध्ये पसरली होती, आणि लेखक लगेच दुरुस्ती करतो: येशू तसं म्हणाला नव्हता. तोंडी आलेल्या गोष्टीला इथे लेखणी आवर घालते. शास्त्राला अंतिम निकष मानणाऱ्यांची खरी ताकद इथे आहे. संदेशात हे वचन नाही, हे नवलच.

चौथ्या शतकातही चित्र दुहेरी आहे. जेरुसलेमचा बिशप सिरिल आपल्या विद्यार्थ्यांना सांगतो की शास्त्रातून पुरावा मिळाल्याशिवाय माझ्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नका. हे वाक्य ‘फक्त बायबल’वाले आवडीने देतात. तोच सिरिल पुढच्या व्याख्यानात श्रद्धासूत्र, म्हणजे विश्वासाचा थोडक्यात मांडलेला सार, कागदावर लिहू नका, मनात कोरून ठेवा, असं बजावतो. ते वाक्य कोणी देत नाही. अथानासियस शास्त्र सत्य सांगायला पुरेसं आहे म्हणतो आणि लगोलग शास्त्राचा अर्थ उमगायला गुरूंच्या ग्रंथांची मदत होते असंही जोडतो. त्याच शतकातला बिशप बेसिल तर क्रुसाची खूण आणि पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना यांची उदाहरणं देऊन, या गोष्टी कुठे लिहिलेल्या आहेत, असं विचारतो.

नायसियाच्या परिषदेत ज्याच्या शिकवणीवर वाद झाला त्या धर्मगुरू आरियसचं प्रकरण विसरता येत नाही. पुत्र हा पित्याची निर्मिती आहे हे त्याने वचनं दाखवूनच मांडलं: नीतिसूत्रे 8:22, योहान 14:28. अथानासियस सांगतो की तिथे बिशपांनी आधी बायबलमधलेच शब्द वापरून पाहिले, पण आरियसच्या बाजूचे लोक एकमेकांना खुणा करत प्रत्येक शब्द आपल्या अर्थाने मान्य करू लागले. शेवटी पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं म्हणावं लागलं, आणि तो शब्द बायबलात नाही. हा संदेश पाठवणारे बहुतेकजण नायसियाचा हा निर्णय मनापासून मानतात.

चौथा मुद्दा, ‘घुसडलेल्या’ सात पुस्तकांचा, लवकर आटपतो. तोबित, यहूदीथ, शलमोनाचं ज्ञान, सीराख, बारूख आणि मक्काब्यांची दोन, ही सात पुस्तकं कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 8 एप्रिल 1546 रोजी प्रमाण ठरवली हे खरं. पण 397 च्या कार्थेज परिषदेच्या आणि 1442 साली फ्लॉरेन्समध्ये निघालेल्या यादीतही ती होती. बायबलचा लॅटिन अनुवाद करणाऱ्या जेरोमने त्यांना दुय्यम मानलं, म्हणजे मतभेदही जुनाच आहे. ल्यूथरच्या 1534 च्या जर्मन बायबलात ती दोन करारांच्या मध्ये वेगळी छापली होती, 1611 च्या इंग्रजी राजाज्ञेच्या (किंग जेम्स) बायबलातही होती. प्रोटेस्टंट प्रतींतून ती सर्रास नाहीशी झाली ती एकोणिसाव्या शतकात, बायबल संस्थांनी त्यांच्या छपाईला पैसे देणं थांबवल्यावर. ट्रेंटने ‘घुसडली’ हा शब्द इथे बसत नाही.

पाचवा मुद्दा ल्यूथरचा. 1521 मध्ये वर्म्स इथे त्याने सांगितलं की शास्त्राच्या साक्षीने किंवा स्पष्ट युक्तिवादाने पटल्याशिवाय मी माघार घेणार नाही, कारण पोप आणि परिषदा चुकलेल्या आहेत. यात परंपरेला बेड्या आहेत, हद्दपारी नाही. ल्यूथरने बालबाप्तिस्मा ठेवला, प्राचीन श्रद्धासूत्रं ठेवली. दुसरा सुधारक कॅल्विन पानोपानी ऑगस्टीन या प्राचीन बिशपचा आधार घेतो. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची, 39 कलमं तारणासाठी शास्त्र पुरेसं मानतात, श्रद्धासूत्रंही मान्य करतात आणि श्रद्धेच्या वादांत मंडळीला अधिकार आहे असंही म्हणतात. ‘मी आणि माझं बायबल, मधे कोणी नको’ ही या सुधारकांची शिकवण नव्हे. नव्या करारातल्या इब्री, याकोब, यहूदा आणि प्रकटीकरण या चार पुस्तकांना ल्यूथरने अनुक्रमणिकेत क्रमांक न देता शेवटी टाकलं, हेही संदेशात येत नाही.

आणि अर्थ स्वच्छ दिसू लागला का? 1529 मध्ये मारबुर्ग इथे ल्यूथर आणि स्विस सुधारक झ्विंगली समोरासमोर बसले. 15 कलमांपैकी 14 वर जुळलं. शेवटच्या कलमात ‘हे माझं शरीर आहे’ या येशूच्या वाक्याचा अर्थ काय, यावर बोलणी अडली ती अडलीच. दोघंही शास्त्रालाच अंतिम मानणारे, दोघंही मूळ ग्रीक वाचणारे. लेरांसचा भिक्षू व्हिन्सेंट याने 434 च्या सुमारास हाच प्रश्न मांडला होता: शास्त्र पुरेसं आहे, मग मंडळीच्या अर्थाची गरज का? कारण प्रत्येकजण ते वेगवेगळं वाचतो. त्यावर त्याने दिलेला उपाय, सगळीकडे, सर्वकाळ, सगळ्यांनी मानलेलं ते खरं, हाही वापरायला घेतला की निसटतो. पॉलिकार्प आणि अनिसेटस यांना त्याचा काही उपयोग झाला नसता.

संदेशाला कॅथलिक परंपरेवर खरंच नेम धरायचा असता तर त्याने 1546 सोडून 1950 कडे पाहायला हवं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1965 च्या दस्तऐवजानुसार शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून येतात, आणि शिकवण्याचा अधिकार देवाच्या वचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे. मग 1 नोव्हेंबर 1950 रोजी पोप बाराव्या पायसने येशूची आई मरिया हिला सदेह स्वर्गात घेतलं गेलं हा श्रद्धासिद्धांत म्हणून जाहीर केला, त्याचं काय? ही घटना सांगणारं वचन नव्या करारात नाही आणि पहिल्या तीन शतकांतल्या मंडळीच्या लेखकांतही तिचं स्पष्ट वर्णन मिळत नाही. परंपरा म्हणजे प्रेषितांकडून आलेला ठेवा, की मंडळीच्या मनात हळूहळू उमलत गेलेली समज, हा प्रश्न कॅथलिक ईश्वरविद्येला इथे सोडवावा लागतो, आणि तिथले विचारवंत तो मान्यही करतात. संदेशात या प्रश्नाला एक ओळही मिळालेली नाही.