चढायची हौस, उतरायचं काय?

दर पावसाळ्यात बेळगावजवळच्या खानापूरच्या आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच भांडण. जांबोटी-कणकुंबीकडचे धबधबे पर्यटकांना बंद करावेत का? दादा म्हणतो, सरसकट बंदी घाला. पुतण्या म्हणतो, रान काय कुणाच्या सातबाऱ्यावर आहे? मग कुणीतरी इशाऱ्याची पाटी कन्नडमध्ये की मराठीत, हे काढतो आणि धबधबा राहतो बाजूला.

मी जिनिव्हात असतो. गाडीने सव्वा तासावर फ्रान्समधलं शामोनी, आल्प्समधल्या मों ब्लां शिखराच्या पायथ्याचं गाव. १८२० साली डॉ. हामेल यांच्या चढाईत तिथले तीन वाटाडे हिमप्रपातात गेले. पुढच्याच वर्षी वाटाड्यांनी संघटना काढली. गिऱ्हाईक पाळीने घ्यायचं, आणि गेलेल्याच्या घरच्यांसाठी निधी ठेवायचा. पाळीतही खोट होतीच. ज्याचा नंबर तोच पदरात, मग तो तरबेज असो वा नसो. इंग्रज गिर्यारोहक त्यावर चडफडत.

मला मात्र आठवतो तो शामोनीकडचाच वाटाड्या मिशेल क्रो. १४ जुलै १८६५ ला सात जण आल्प्समधल्याच मॅटरहॉर्न शिखराच्या माथ्यावर पोचले, पहिल्यांदाच. उतरताना क्रो कुऱ्हाड बाजूला ठेवून नवख्या हॅडोचा एकेक पाय हाताने धरून खडकावर टेकवत होता. हॅडो घसरला, दोर तुटला, क्रोसकट चौघे गेले. पुढे १८८२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने अशा चढायांविरुद्ध बोलावं का, असं पंतप्रधान ग्लॅडस्टनना विचारलं होतं. त्यांनी नको म्हटलं. म्हणजे आमच्या दादाला थोरामोठ्यांची सोबत आहे! त्याआधीच, १८७६ च्या सुमारास, शामोनीच्या जाँ शार्ले या वाटाड्याने दोर दुहेरी टाकून उतरायचं आणि मग खालून ओढून घ्यायचा, ही युक्ती काढली होती.

इथे कुणी अडकलं तर हेलिकॉप्टर येतं, आपल्या रानात मोबाईलला रेंज नाही. तुलना तिथेच लंगडी पडते. शिवाय खानापूरकडे भीमगड अभयारण्य आहे, तिथल्या जनावरांनाही निवांतपणा हवा. तिथली बंदी मला पटते.

पण कॉलेजात असताना त्याच बाजूला संध्याकाळी वाट चुकलो, तेव्हा एका गवळी काकांनी कोयत्याने झुडपं तोडत आम्हाला खाली आणलं. म्हणाले, "चढताना पायाकडं बघतासा, उतरताना घराकडं." आम्ही त्यांना चहा पाजला. पैसे द्यायचं सुचलंसुद्धा नाही.

तेव्हा दादा, त्या काकांच्या पोराला पावसाळ्यात दिवसाला किती द्यायचे आणि त्याचा विमा कुणी भरायचा, ते आधी ग्रुपवर लिही. पाटीचं नंतर बघू.